शिवेत बंद पडणारी गाडी

आमच्या आबांच्या गाडीला उन्हाळा सोसायचा नाही. आबा स्वतः वैशाखातल्या भर दुपारी मोसंबीच्या बागेत उघड्या डोक्याने हिंडायचे, पण गाडीला मात्र सावली शोधायचे. पांढरी अँबेसिडर. जालन्यात एका सरकारी कचेरीच्या लिलावात त्यांनी ती घेतली तेव्हा मी शाळेत होतो. वडीगोद्रीच्या अलीकडे आमचं गाव. गावात ट्रॅक्टर होते, मोटारसायकली होत्या, पण आत बसून दार लावता येईल अशी गाडी ही एकच.

तेव्हाच्या सगळ्याच पेट्रोल गाड्यांना उन्हाळ्यात एक खोड असायची. इंजिनाला चिकटून बसवलेला पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घ्यायचा. इंजिन तापलं की पंप तापायचा, पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि वाफ काही पंपाला ओढता यायची नाही. गाडी दोन आचके द्यायची आणि उभी राहायची. इलाज सोपा होता. बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं, वरून तांब्याभर पाणी ओतायचं, एक पान खाऊन होईपर्यंत थांबायचं आणि चावी मारायची. आबांच्या गाडीत पाण्याची कळशी आणि धोतराचं फडकं कायम असायचं.

आता आमच्याकडे लग्नं म्हणजे उन्हाळ्यातलीच. गावातली कुठलीही लेक सासरी निघाली की ती आबांच्या गाडीतून, आणि चालवायला आबा स्वतः. भाडं घेणं दूरच, पेट्रोलचं कोणी विचारलं तरी ते रागवायचे. वाटेत पंचाईत नको म्हणून निघायच्या आधीच ते पंपावर पाणी घालून घ्यायचे. बायकांनी ते पाहिलं आणि त्याचा विधी करून टाकला. नवरीचा मामा चारही चाकांवर पाणी घालणार, मग बॉनेट उघडायचं, पंपाला हळदकुंकू लावायचं आणि मामानेच त्यावर तांब्या रिकामा करायचा. एका लग्नात हे पाणी चुलत्याने घातलं म्हणून मामा जेवायचा राहिला होता. पेट्रोलची वाफ होऊ नये म्हणून हे चाललंय, हे सांगायला गेलो असतो तर मलाच वेड्यात काढलं असतं.

दुसरा नियमही असाच आपोआप आला. नवरी बसून गाडी सुटली की शीव ओलांडेपर्यंत इंजिन बंद पडता कामा नये. बैलगाडीच्या काळात शिवेत बैल अडला तर वाईट मानायचे, तेच पुढे गाडीला लागू झालं. शिवेवर म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. त्याचा नारळसुद्धा आधीच जाऊन फोडून यायचे, म्हणजे गाडीला थांबायचं कारण उरू नये.

आणि माझ्या ताईच्या लग्नात गाडी नेमकी तिथेच बंद पडली. म्हसोबाच्या दगडासमोर. मी मागच्या टेम्पोत होतो, उडी मारून पुढे गेलो. आबा बॉनेटमध्ये वाकले होते. कळशीतलं सगळं पाणी त्यांनी पंपावर ओतलं. पाठवायला शिवेपर्यंत आलेल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मागच्या सीटवर ताई मुंडावळ्यांच्या आड मान खाली घालून बसलेली. बऱ्याच वेळाने इंजिनाने आवाज दिला. आबांनी म्हसोबाला हात जोडले आणि गाडी गेली.

ताईचा संसार टिकला नाही. मारहाण होत होती हे तिच्या अंगावरच्या खुणांनी आम्हाला सांगितलं. मुलगी रांगायला लागली होती तेव्हा ती मुलीला घेऊन परत आली ती कायमची. पुढे तिने जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात काम धरलं, तिथेच खोली केली. मुलगी गावात आई-आबांकडे वाढली. गावाला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. "गाडी शिवेतच बंद पडल्ती," एवढं एक वाक्य पुरलं. गाव काय, काहीही बोलतं. वाईट हे झालं, की आबांनाही ते पटलं. त्यानंतर त्यांनी गावातल्या एकाही नवरीला गाडी दिली नाही. मागायला आलेल्याला ते सांगायचे, "माझ्या लेकीला तिनं कुठं सोडलं ते बघितलंस ना?" हळूहळू लोकांनी मागणं सोडलं. भाड्याच्या एसी गाड्या फुलं लावून दारात यायला लागल्या. आबांची गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. आठवड्यातून एकदा ते ती चालू करायचे, बागेपर्यंत नेऊन आणायचे आणि परत झाकायचे. आई गेल्यावर तर तेवढाच त्यांचा विरंगुळा राहिला.

मग भाचीचं लग्न ठरलं. मुलगा लांबच्या धावडा गावचा, बियाणं-खतांच्या दुकानाचा मालक, बोलायला शांत. दोघांचं आधीच जमलेलं होतं, आम्ही फक्त पोहे खाऊन होकार दिला. सुपारी फुटली त्याच संध्याकाळी आबांनी गाडीवरची ताडपत्री ओढली.

"नातीला मी वाटं लावणार," ते म्हणाले. "ह्याच गाडीत. पण शिवेत बंद पडली न्हाई पाहिजे. बिलकुल न्हाई."

"आबा, एसी गाडी सांगू. लग्न मे महिन्यात आहे. तुम्ही आरामात बसा."

"मी कुठं बसू? मागं टेम्पोत, खुर्च्या-पातेल्यांसंगं?"

"तुमच्या वयाला—"

"शिवेपस्तोर मी चालवतो. पुढं तू चालव. धावड्याला न्ह्यायचं म्हणलं तर मला बी झेपायचं न्हाई, तेवढी अक्कल हाय मला."

माझा स्वभाव तापट. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस पोरासारखा हट्ट धरून बसतो म्हणजे काय. मात्र तिसऱ्या दिवशी जालन्यात, मी कामाला असलेल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीचं तापमान दाखवणारं मीटर दुरुस्त करता करता माझ्या डोक्यात आलं, की हा प्रश्न तर माझ्याच धंद्यातला आहे. मी मिलमध्ये तेच करतो. किती तापलं, किती दाब आहे, किती सोडायचं, हे यंत्राला कळवणारी यंत्रं सांभाळतो. आबा ज्याला अपशकुन म्हणतात तो एक तापलेला पंप होता. पंप काढला की अपशकुन गेला. पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर काढायचा, त्या जागी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन बसवायचं, आणि पंप इंजिनापासून उचलून थेट टाकीत पेट्रोलात बुडवायचा. मग तो पेट्रोल ओढणार नाही, मागून दाबून पुढे ढकलेल. दाबाखालच्या पेट्रोलची अशी सहजासहजी वाफ होत नाही. मला हे इतकं सोपं वाटलं, की आधी का सुचलं नाही याचा राग आला.

सोपं काही नव्हतं. दर रविवारी आणि मिळेल त्या सुट्टीला मी गावी जायला लागलो. मदतीला वडीगोद्रीच्या हायवेवरचा मिस्त्री. कामाला बरा, पण तोंडाला थारा नाही. जगातली प्रत्येक गाडी वायरिंगमुळेच बिघडते असं त्याचं ठाम मत, आणि वायरिंगला हात लावायची त्याला मनापासून भीती. पहिल्याच दिवशी बॉनेटमध्ये डोकावून तो म्हणाला, "भाऊ, म्हाताऱ्याच्या हातात मोबाईल देऊन त्याला टाईप कर म्हणायचं, तसं करून राह्यलात तुम्ही."

"तू फक्त पाने दे," मी म्हणालो.

खरी अडचण निघाली इंजिनातच. चार सिलिंडर, पण पेट्रोल-हवा आत जायला दारं दोनच. शेजारशेजारच्या दोघांना मिळून एक. एका नळावर दोन जावा. एकीची घागर भरेपर्यंत दुसरीने थांबायचं, आणि पहिलीने घाईत जास्त भरून घेतलं तर दुसरीची घागर अर्धीच राहणार. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर लावायचा माझा बेत तिथे फसला. मग कार्बोरेटर होता त्याच जागी हवेची झडप आणि इंजेक्टर बसवले, म्हणजे वाटणी इंजिनाची इंजिन पूर्वीसारखीच करत राहील. एमआयडीसीतल्या एका टर्नरकडून दातांचं चाक करून घेतलं. ते इंजिनाच्या पुढच्या पुलीवर बसवलं, म्हणजे इंजिन किती फिरलं हे कॉम्प्युटरला दात मोजून कळतं. पाण्याचं तापमान सांगायला एक सेन्सर, आत येणाऱ्या हवेचा एक, आणि धुरात किती ऑक्सिजन उरला ते हुंगायला सायलेन्सरच्या नळीत एक. कॉम्प्युटर स्वतः वहीएवढा. तो मी डॅशबोर्डच्या खाली, आत, कोरड्या जागी बांधला.

आबा शेडच्या तोंडाशी बाजेवर बसून सगळं पाहायचे. टाकीला भोक पाडलं तेव्हा ते उठून बागेत निघून गेले. परत आले आणि विचारलं, "जुना पंप काढला का?"

"काढणारच आहे. आता त्याला काम नाही."

"काम न्हाई कसं? मामा पाणी कशावर घालंल?"

मामा मीच होतो. पंचवीस वर्षं बंद असलेला विधी त्यांच्या डोक्यात जसाच्या तसा होता. मी वाद घातला नाही, तसं माझ्याकडून क्वचितच होतं. नळ्या काढून टाकल्या आणि रिकामा पंप होता तिथेच ठेवला, निव्वळ पाणी घालून घ्यायला. आजूबाजूच्या सगळ्या जोडण्या मात्र रबराने बंद करून उंचावर बांधल्या. मिस्त्रीला यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट म्हणाला, हेच एक काम तुम्ही बराबर केलं.

पहिल्यांदा गाडी चालू करायचा मान अर्थातच आबांना दिला. ते धुतलेलं धोतर नेसून आले. चावी फिरवली. इंजिन नुसतं घुरघुरलं, पेटलं नाही. परत फिरवली. तेच. मी लॅपटॉप लावला. पंप चालतोय, दाब बरोबर, दातांचं चाक मोजलं जातंय, स्पार्क आहे. आबा परत परत चावी मारतायत आणि गाडी काही ऐकत नाही. मिस्त्री वायरिंगकडे बोट दाखवतोय. मी फ्यूज काढून पाहिले, जोडण्या उघडून पाहिल्या, मिस्त्रीवर ओरडलो, लॅपटॉप बाजेवर आपटला. दुपार उलटून गेली. बॅटरी बसायला आली तेव्हा आबा पाणी प्यायला उठले, आणि मी चिडून स्वतःच बसून चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

मला काही कळेना. आबा परत बसले, परत बंद. मग मी वाकून त्यांच्या पायांकडे पाहिलं. ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवलेला. चाळीस वर्षं ती गाडी तशीच चालू होत आली होती. पेडल आधी पंपासारखं मारायचं, मग तळाला दाबून धरायचं, मग चावी. कार्बोरेटरला ते लागायचं. या कॉम्प्युटरला मात्र त्याचा उलटा अर्थ शिकवलेला असतो. चालू करताना पेडल पूर्ण दाबलं असेल तर त्याला वाटतं, इंजिनात पेट्रोल जास्त झालंय, ड्रायव्हर ते वाळवून घेतोय. तो पेट्रोल पार बंद करतो. आबा जितक्या जोराने सांगत होते की दे, तितक्या इमानदारीने तो देत नव्हता.

"पाय वर घ्या, आबा. काहीच करायचं नाही. नुसती चावी."

"काहीच न्हाई?" त्यांना ते अपमानासारखं लागलं. पण पाय वर घेतला आणि गाडी चालू झाली. ते कान देऊन ऐकत बसले. "लई गुमान चालून राह्यली," ते म्हणाले. पुढचे कितीतरी दिवस मी त्यांना बाजेवर बसून पाय जमिनीवरून उचलून धरायची सवय करताना पाहिलं, आणि मला हसू आवरलं नाही.

इंजिन चालू झालं म्हणजे काम संपलं असं नव्हतं. कुठल्या वेगाला, किती ओझ्याला, किती तापल्यावर किती पेट्रोल सोडायचं, हे कॉम्प्युटरला रस्त्यावर चालवून शिकवावं लागतं. त्यासाठी माणसं लागतात. एकजण चालवणार, एकजण आकडे वाचणार, एकजण बदलणार. चालवायला आबा, बदलायला मी, आणि वाचायला ताई आली. कारखान्यात ती बियाण्यांची प्रतवारी करते, दिवसभर काट्यावरचे आकडे बघायची तिला सवय. मागच्या सीटवर बसून ती शांत आवाजात सांगायची, "तेरा. साडेतेरा. आता चौदाच्या वर चाललंय." आकडा म्हणजे पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग; तो वर गेला की मी पेट्रोल वाढवायचो, खाली आला की कमी करायचो. एक गोष्ट त्या दिवसांत माझ्या लक्षात आली आणि मला ती फार आवडली. लहानपणानंतर आम्ही तिघं असे एका गाडीत कधी बसलोच नव्हतो.

शेवटची परीक्षा मी मुद्दाम सगळ्यात तापलेल्या दुपारी ठेवली. हायवेवर लांबवर नेऊन इंजिन चांगलं तापवलं, मग गावाच्या रस्त्याला आलो आणि शिवेवर म्हसोबापाशी गाडी उभी करायला सांगितली. इंजिन चालू, गाडी उभी, बाहेर झळा. जुनी गाडी इथे केव्हाच आडवी झाली असती. ही चालूच राहिली. मग मी ती बंद करायला लावली. तापलेल्या इंजिनाजवळच्या पेट्रोलची वाफ गाडी बंद केल्यावरच जास्त धरते. आम्ही काचा खाली करून बराच वेळ थांबलो. "आता लावा." आबांनी पाय वर घेतला, चावी फिरवली. लागली.

आबांनी स्टेअरिंगवर हात ठेवला आणि ते रडायला लागले. मी त्यांना आई गेली तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. "हे तवा असतं," ते म्हणाले. "हे तवा असतं, तर माझ्या लेकीचं असं झालं नसतं. इथं बंद पडली न्हाई पाहिजे होती."

मागून ताई म्हणाली, "आबा, त्या दिवशी गाडी बंद पडली तवा मला बरं वाटलं होतं."

आवाज तोच, आकडे वाचायचा. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मला जायचं नव्हतं. हळदीच्या दिवशी त्यानं माझ्याकडं जसं बघितलं ना, तवाच मी भ्याले होते. सांगू कुणाला? मांडव पडल्ता, पाव्हणे आल्ते. मंग इथं गाडी बंद पडली. मला वाटलं, आता कुणीतरी दार उघडंल अन् म्हणंल, जायचं का तुला? न्हाई तर उतर. मी वाट बघत बसले होते. तुम्ही पाणी घातलं. गाडी चालू झाली."

इंजिन गुमान चालू होतं. मला ताईचा राग आला, की इतकी वर्षं गप्प राहिली आणि आज बोलली, म्हाताऱ्या माणसासमोर. मग तो राग गेला आणि फक्त वाईट वाटत राहिलं. पंप काढला की अपशकुन गेला, असं मी मोठ्या तोऱ्यात ठरवलं होतं. आम्ही दोघं बापलेक सबंध उन्हाळा चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करत होतो. आबांनी गाडी घराकडे घेतली. वाटेत ताईने लॅपटॉप मिटून मांडीवर ठेवला.

त्यानंतर लग्नापर्यंत आबा गाडीजवळ फिरकले नाहीत. मांडवाचं, आचाऱ्याचं, पाण्याच्या टँकरचं सगळं पाहायचे, पण शेडकडे नाही. मला वाटलं ते आता चालवायला नाही म्हणतील. ताईशी ते आधीसारखेच वागत होते, फक्त तिच्या ताटात वाढायला स्वतः उठायचे. तिलाही ते अवघड व्हायचं. "बसा हो आबा, मी घेते," ती म्हणायची, आणि ते बसायचे नाहीत.

लग्नाच्या दिवशी मात्र ते कोशाचा रेशमी फेटा बांधून आधीच स्टेअरिंगवर जाऊन बसले होते. मी चाकांवर पाणी घातलं. बॉनेट उघडून त्या रिकाम्या पंपाला हळदकुंकू लावलं आणि तांब्या उपडा केला. म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचवीस वर्षांनी हे पाहतोय, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. भाची आणि जावई मागे बसले, मी पुढे आबांशेजारी. पाठवायला बायका शिवेपर्यंत चालत निघाल्या, त्यांच्या मागे ताई. आबांनी पाय वर घेतला, चावी फिरवली आणि गाडी बायकांच्या चालीने हळूहळू निघाली. सगळ्या गावाचे कान इंजिनाकडे लागले होते हे मला कळत होतं. माझेही तिकडेच होते.

म्हसोबाचा दगड आला आणि आबांनी चावी उलटी फिरवली. इंजिन बंद झालं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. मागून बायकांचा गलका ऐकू आला, "पडली गं, पडली," आणि कोणीतरी तांब्या घेऊन धावत येत होतं. आबांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना तिथेच थांबवलं. मग मान वळवून म्हणाले, "जावईबापू, तेवढी टायरातली हवा बघता का? चारी चाकं बघा. जल्दी न्हाई."

जावई शहाणा माणूस. काही न विचारता शेला सावरत उतरला आणि मागच्या चाकापाशी जाऊन बसला.

आबा भाचीकडे वळले. फेटा छताला लागत होता. "माय, जायचं का तुला?"

भाचीला काही कळेना. "म्हणजे?"

"खरं सांग. न्हाई म्हणलीस तरी चालंल. गाडी फिरवायला इथं जागा हाय."

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या काचेतून बाहेर. बायकांच्या पुढे येऊन ताई रस्त्याच्या मधोमध उभी होती. बाकी सगळ्या हळहळत होत्या, ती नव्हती. भाचीने पुन्हा आबांकडे पाहिलं. तिला आईने काय सांगितलं होतं, किती सांगितलं होतं, मला माहीत नाही. ती रडत होती आणि हसतही होती.

"जायचंय, आबा. मला जायचंय."

"बराबर?"

"बराबर."

आबांनी मान हलवली. जावई चारही चाकं बघून आला, हवा ठीक आहे म्हणाला आणि बसला. गाडी लगेच लागली, आणि आम्ही शीव ओलांडली.

गावात आजही सांगतात, की पोराने कॉम्प्युटर बसवला, सबंध उन्हाळा खटपट केली, तरी आबांची गाडी शेवटी शिवेत बंद पडलीच. वडीगोद्रीच्या मिस्त्रीला हे फार लागलंय, गिऱ्हाईक त्याला टोचून बोलतं. मीही सुरुवातीला चिडून सांगायला जायचो, की ती पडली नव्हती, बंद केली होती. एकदा पारावर असाच तावातावाने बोलत होतो, तर आबांनी माझा दंड धरला.

"राहू दे," ते म्हणाले. मग समोरच्या माणसाकडे वळले. "हो, पडल्ती."